बिशपपद कॉन्स्टंटाइनने निर्माण केले काय?

ख्रिस्ती लोकांत पहिली तीनशे वर्षे बिशप (शहरातल्या ख्रिस्ती समुदायाचा प्रमुख), अधिकार, शिस्त असे काही नव्हतेच. ३२५ साली नायसिया (आजच्या तुर्कस्तानात) येथे भरलेल्या धर्मपरिषदेत रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने साम्राज्य एकसंध राखण्यासाठी ही सारी उतरंड वरून लादली. आणि त्याआधीची म्हणून जी पत्रे दाखवली जातात ती मागाहून रचलेली आहेत, असा दावा समाजमाध्यमांवर मराठीतही सतत फिरत असतो. दावा तीन पदरी आहे, आणि ज्या पत्रांवर तो शिक्का मारतो ती उघडून पाहण्याची तसदी तो पुढे पाठवणाऱ्यांपैकी फारच थोडे घेतात.

अधिकारपदे नव्हतीच, हा पहिला मुद्दा. आरंभीच्या मंडळ्या, म्हणजे स्थानिक ख्रिस्ती समुदाय, घराघरांत जमत असत हे खरे. पण घरात जमणे म्हणजे व्यवस्था नसणे नव्हे. पहिल्या शतकातला प्रचारक पौल याच्या फिलिप्पैकरांस पत्राच्या पहिल्याच वाक्यात अध्यक्ष (ग्रीक ‘एपिस्कोपॉस’, ज्यावरून ‘बिशप’ हा शब्द आला) आणि सेवक यांना निराळा नमस्कार आहे. त्याहून बोलका पुरावा म्हणजे रोमच्या मंडळीने करिंथच्या मंडळीला धाडलेले दीर्घ पत्र, जे क्लेमेंटच्या नावाने ओळखले जाते आणि जे बहुतेक अभ्यासक इ.स. ९६ च्या सुमारास ठेवतात. करिंथमध्ये काही जणांनी निर्दोष वडीलजनांना पदावरून दूर केले होते, आणि त्यावरून मंडळीत फूट पडली होती. पत्राचे म्हणणे असे की, अध्यक्षपदावरून तंटे होणार हे प्रेषितांना, म्हणजे येशूच्या पहिल्या प्रचारकांना, ठाऊक होते, म्हणून त्यांनी माणसे नेमली आणि ती निवर्तल्यावर पारखलेल्या दुसऱ्यांनी ते काम पुढे चालवावे अशी तजवीज केली. शिवाय या नेमणुका सर्व मंडळीच्या संमतीने झाल्या होत्या. कॉन्स्टंटाइनच्या जन्माला तेव्हा पावणेदोनशेच्या आसपास वर्षे अवकाश होता.

मात्र हेच पत्र दावा करणाऱ्यांच्या विरोधकांनाही फारसे सोयीचे नाही. पत्रात लेखक म्हणून क्लेमेंटचे नाव कोठेच येत नाही; बोलते ती ‘रोम येथे परदेशीयाप्रमाणे राहणारी देवाची मंडळी’. अध्यक्ष आणि वडील हे शब्द एकाच पदाला लावलेले दिसतात, आणि करिंथमध्ये एकटा बिशप असल्याची खूणही नाही. हुकूम अंमलात आणायला काय पाठवले, तर क्लौदिय, वलेरिय आणि फर्तुनात अशी तीन माणसे, शांतता झाली की लवकर परत पाठवा या विनंतीसह. अधिकार आहे, पण समजावण्याचा. त्यामागे शिपाई नाहीत.

सीरियातल्या अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस याची सात पत्रे हा यापुढचा टप्पा. सम्राट ट्राजनच्या काळात दहा शिपायांच्या पहाऱ्यात त्याला रोमकडे मृत्युदंडासाठी नेले जात होते. वाटेत आजच्या तुर्कस्तानातल्या स्मुर्णा येथून त्याने चार पत्रे लिहिली आणि त्रोवस येथून तीन. बिशपाला सोडून काही करू नका, हे त्याचे पालुपद आहे, आणि ‘कॅथलिक (म्हणजे सार्वत्रिक) ख्रिस्तसभा’ हा शब्दप्रयोग आज उपलब्ध असलेल्या लिखाणात प्रथम त्याच्याच स्मुर्णाकरांस पत्रात सापडतो. परंतु तो इतक्या कळकळीने सांगतो याचाच अर्थ सगळे ऐकत नव्हते. मॅग्नेशियाचा बिशप वयाने लहान म्हणून त्याला कमी लेखू नका, असे त्याला लिहावे लागते. फिलदेल्फियाच्या सभेत तो ‘बिशपाला धरून राहा’ असे मोठ्याने ओरडला, तेव्हा याला आमच्यातल्या फुटीची आधीच कोणीतरी चुगली केली असावी असा संशय काहींना आला, आणि आपल्याला हे कोणा माणसाकडून कळले नव्हते, ही आत्म्याची वाणी होती, अशी साक्ष त्याला द्यावी लागली. तयार उतरंडीत राहणारा माणूस असे लिहीत नाही. ती घडत असताना तिच्यासाठी भांडणारा लिहितो.

आता बनावटपणाचा मुद्दा. यात तथ्य एवढेच की इग्नेशियसच्या नावावर चौथ्या शतकात खरोखरच भर घालण्यात आली: मूळ सात पत्रे फुगवली गेली आणि आणखी काही नवी रचली गेली. पण ही लबाडी पकडली ती चर्चचा इतिहास अभ्यासणाऱ्या ख्रिस्ती विद्वानांनीच. १६४४ साली अशर याने आणि १६४६ साली फॉस याने जुना, आटोपशीर पाठ उजेडात आणला. इ.स. १८० च्या सुमारास लियॉनचा बिशप आयरेनियस इग्नेशियसच्या रोमकरांस पत्रातले वाक्य उद्धृत करतो, आणि स्मुर्णाचा बिशप पॉलिकार्प याचे पत्र या पत्रांची देवाणघेवाण नोंदवते. काही अभ्यासक ही पत्रे दुसऱ्या शतकात आणखी पुढे ढकलतात. तरीही नायसिया दीड शतक दूरच राहते. शिवाय रोमच्या बिशपाची थोरवी वाढवण्यासाठी कोणी ही रचली असती, तर रोमकरांना लिहिलेल्या पत्रात रोमच्या बिशपाचा उल्लेखच न करण्याचा वेंधळेपणा त्याने खचितच केला नसता.

उरला साम्राज्याच्या सोयीचा मुद्दा, आणि इथे उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सिप्रियन याची पत्रे निकाल लावतात. २५० साली सम्राट डेशियसने सर्वांना देवतांपुढे यज्ञ करून त्याचा दाखला घेण्यास भाग पाडले. असे दाखले इजिप्तमध्ये पपायरसवर प्रत्यक्ष सापडले आहेत. रोमचा बिशप फेबियन मारला गेला आणि ती जागा वर्षभराहून अधिक काळ रिकामी राहिली. डेशियसला प्रतिस्पर्धी सम्राट उभा राहिल्याची बातमी एकवेळ सोसवली असती, पण रोममध्ये बिशप नेमला गेल्याची नाही, असे सिप्रियन एका पत्रात लिहितो. पुढे निवडून आलेल्या कॉर्नेलियसने २५१ साली अंत्युखियाला कळवलेला रोमचा हिशेब असा: एक बिशप, ४६ वडील, ७ सेवक, ७ उपसेवक, ४२ अनुचर, भूत काढणारे, वाचक व द्वारपाल मिळून ५२, आणि मंडळी पोसत असलेल्या विधवा व गरजू १५०० हून अधिक. छळ करणाऱ्या राजवटीच्या नाकावर टिच्चून चाललेला हा संसार तिच्या सोयीसाठी उभा केला होता असे म्हणणे धाडसाचे आहे.

याच सिप्रियनने आपल्या वडीलजनांना आणि सेवकांना लिहिले होते की, बिशप झाल्यापासून तुमच्या सल्ल्याशिवाय आणि लोकांच्या संमतीशिवाय केवळ स्वतःच्या मताने काही न करण्याचे मी ठरवले आहे. पाखंड्यांनी दिलेला बाप्तिस्मा (दीक्षास्नान) ग्राह्य धरावा की नाही यावर रोमचा बिशप स्टीफन याच्याशी त्याचे वाजले, तेव्हा २५६ च्या कार्थेजच्या सभेत ८७ बिशपांची मते नोंदवली गेली, आणि आपल्यापैकी कोणी स्वतःला बिशपांचा बिशप म्हणवीत नाही, असे त्याने आरंभीच सुनावले. कैसरियाचा बिशप फर्मिलियन याने तर स्टीफनवर इतक्या तिखट भाषेत पत्र लिहिले की आजही ते वाचताना भुवया उंचावतात. एकीविषयी सर्वांचे एकमत होते. ती कोणाच्या हाती असावी याविषयी नव्हते.

नायसियाच्या परिषदेने बिशप निर्माण केले नाहीत. तिथे जमले तेच बिशप होते. तिचा चौथा नियम नव्या बिशपाच्या दीक्षेला प्रांतातले किमान तीन बिशप हजर असावेत असे सांगतो, तर सहावा अलेक्झांड्रिया, रोम आणि अंत्युखिया यांच्याबाबत ‘प्राचीन प्रथा’ चालू राहाव्यात असे म्हणतो. कॉन्स्टंटाइनमुळे बदलले ते वेगळेच. तोवर मंडळीच्या हातातली सर्वांत कठोर शिक्षा म्हणजे सहभागितेतून, म्हणजे मंडळीच्या उपासनेतून व नात्यातून, वगळणे, आणि तीही समोरच्याने मानली तर. आता सम्राट वादात उतरला: ख्रिस्त पित्याइतकाच देव आहे हा नायसियाचा निर्णय न मानणाऱ्या एरियस या धर्मगुरूला त्याने हद्दपार केले, आणि दहा वर्षांनी, ३३५ साली, त्याच निर्णयाचा कडवा समर्थक असलेल्या अलेक्झांड्रियाच्या अथनेशियसलाही दूर गॉल प्रांतातल्या ट्रिअरला धाडले.