‘झेपत नसेल त्यांनी घेऊच नये’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

‘62 हजार किलोमीटरनंतर’ या माझ्या लेखावर आपण वेळ काढून प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्या सोयीसाठी त्याचा सारांश देतो. बीएमडब्ल्यू एक्स1, आऊडी क्यू3, मर्सिडीज-बेंझ जीएलए, व्होल्वो एक्ससी40 या मापाच्या आणि किमतीच्या गाड्यांपैकी एक पेट्रोल गाडी मी 2021 साली नवी घेतली आणि ती साताऱ्यात राहून वापरतो. चार वर्षांत दोन टायर बाद झाले, एका पार्टसाठी गाडी 23 दिवस वर्कशॉपमध्ये उभी राहिली आणि एका पावसाळ्यात सनरूफमधून पाणी आत आले. या गाडीचे जे उत्तम आहे तेही मी लिहिले होते. त्यावर आपले म्हणणे असे की टायरच्या मापाचा आकडा चुकला आहे, अ‍ॅव्हरेज गाडीच्या पडद्यावरून घेतले आहे, चार मालकांच्या अनुभवावरून सगळ्या वर्गाबद्दल बोलता येत नाही आणि सर्व्हिस पॅकेजचा, म्हणजे देखभालीचे पैसे आगाऊ भरण्याच्या योजनेचा, हिशेब लेखात नाही. शेवटी आपण लिहिता, “ज्यांना हप्ता झेपतो पण देखभाल झेपत नाही, त्यांनी या वर्गातल्या गाड्या घेऊच नयेत; आणि घेतल्याच तर खड्डे आणि टायर यांच्या नावाने रडू नये.”

टायरच्या बाबतीत आपले बरोबर आहे आणि ते मी आनंदाने मान्य करतो. 235/50 आर18 या मापातील 50 हा आकडा मिलिमीटर नाही, तो टायरच्या रुंदीशी असलेले उंचीचे शेकडा प्रमाण आहे. म्हणजे साईडवॉल (टायरची बाजूची भिंत) 50 मिलिमीटर नसून 235 मिलिमीटर रुंदीच्या निम्मी, 117.5 मिलिमीटर उंच भरते. लिहिताना माझ्याकडून घाई झाली. मात्र दुरुस्त आकडा घेऊनही लेखातला मुद्दा ढळत नाही. माझ्या आधीच्या गाडीचे टायर 235/70 आर16 होते, त्यांची साईडवॉल 164.5 मिलिमीटर होती. रुंदी तीच, पण खड्ड्याची कड आणि रिम यांच्यामधली गादी नव्या गाडीत 47 मिलिमीटरने कमी झाली. टायर खड्ड्याच्या कडेवर चेपला की आतले धागे रिम आणि दगड यांच्यामध्ये चिरडले जातात, ते तुटले की तिथे हवा फुगा धरते, आणि फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो टाकावाच लागतो. माझा पहिला टायर पुण्याहून परतताना खंबाटकी उतरल्यावर सुरूरच्या अलीकडे गेला आणि दुसरा पावसाळ्यात मेढ्याच्या रस्त्यावर. एकेक टायर 19 हजारांना पडला. डिकीत मिळणारी बारीक स्टेपनी ताशी 80 किलोमीटरच्या वर चालवू नये असे तिच्यावरच लिहिलेले असते, त्यामुळे सुरूरपासून घरापर्यंत महामार्गाच्या डाव्या कडेने यावे लागले.

अ‍ॅव्हरेजबद्दलही आपली सूचना योग्य आहे. पडद्यावर महामार्गाचे लिटरला 13.8 किलोमीटर दिसत होते. आपली प्रतिक्रिया वाचल्यावर मी तीन वेळा टाकी काठोकाठ भरून हिशेब केला, तो 13.1 आला. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच ऊर्जा असते, तेव्हा 20 टक्के मिश्रणाच्या पेट्रोलवर 2021 चे आकडे आज मिळणार नाहीत, हेही त्यात धरावे. लेखात बदल केला आहे.

आता आपल्या त्या शेवटच्या वाक्याकडे येतो. ते वाचून मला वाईट वाटले, आणि ते लपवण्याचे कारण मला दिसत नाही. आपण मुद्दा गाडीचा मांडत होता. एकाएकी तो माझ्या ऐपतीचा झाला. मी काय खातो, किती हप्ता भरतो, माझ्या खिशाला काय परवडते याविषयी लेखात एक शब्द नव्हता. तरीही आपण ते गृहीत धरले आणि त्याच्या आधाराने मला गप्प बसण्याचा सल्ला दिला. ओळख नसलेल्या माणसाशी बोलण्याची ही रीत नव्हे. आपण विचारले नाही तरी सांगतो, की 20 लाखांचे कर्ज घेतले होते, ते पाच वर्षांचे असूनही तीन वर्षांत फेडले, आणि चार वर्षांत एकही सर्व्हिस पुढे ढकललेली नाही. हे सगळे माझ्या वहीत तारखांसह आहे.

वहीची गोष्ट सांगायला हवी. माझे वडील साताऱ्यात गॅरेज चालवत. 1978 पासून त्यांच्या हाताखालून अ‍ॅम्बेसेडर, पद्मिनी, मॅटेडोर आणि शेतावरच्या जुन्या जीप गेल्या. शाळा सुटल्यावर रॉकेलच्या ट्रेमध्ये पार्ट धुणे हे माझे काम असे. प्रत्येक गाडीसाठी ते वहीचे एक पान ठेवत आणि त्यावर तारीख, किलोमीटर, तक्रार, काम आणि खर्च लिहीत. डाव्या बाजूने आवाज येतो असे सांगत कोणी आले, तर ते आधी त्याच्या शेजारी बसून एक फेरी मारत आणि मगच बॉनेट उघडत. त्या माणसाला गाडी झेपते का, असा प्रश्न मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही, मग तो कारखान्याचा संचालक असो की उसनवारी करून जुनी जीप घेतलेला शेतकरी. ती वही मी पुढे चालवली, जुन्या पद्मिनीसाठी, नंतर मारुती 800 साठी, स्कॉर्पिओसाठी आणि आता या गाडीसाठी. लेखातील टायर आणि दुरुस्तीच्या नोंदी त्या वहीतल्या आहेत. गाड्यांविषयी बोलण्याचा अधिकार मला कोणाकडून मागून घ्यावा लागेल असे मला वाटत नाही.

आणि ऐपतीचाच प्रश्न असेल, तर त्या 23 दिवसांचे आपण काय करणार? विजेवर चालणाऱ्या हँडब्रेकची मोटर बंद पडली, तेव्हा गाडी वॉरंटीत होती. मला एक रुपयाही द्यावा लागला नाही, हे लेखात स्पष्ट लिहिले होते. तक्रार पैशांची नव्हतीच. गाडी टो करून पुण्याच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये न्यावी लागली, कारण साताऱ्यात या गाडीचे वर्कशॉप नाही. पार्ट बाहेरून मागवावा लागेल असे पहिल्या दिवशी सांगण्यात आले, दहाव्या दिवशी तो अजून निघालेला नाही असे कळले आणि बदली गाडीची विनंती तीन वेळा करूनही ती मिळाली नाही. त्याच आठवड्यांत आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होती. तिला मी शेजाऱ्यांच्या वॅगन आरमधून नेले आणि त्यांचे उपकार आजही विसरलेलो नाही. माझ्याजागी माझ्याहून दहापट श्रीमंत माणूस असता, तरी ती मोटर 23 दिवसांनीच आली असती. मग त्याने तक्रार केली तर ती तक्रार आणि मी केली तर ते रडणे, हा भेद आपण कशाच्या जोरावर करता?

सनरूफचेही तेच. त्याच्या चौकटीत साचणारे पाणी चारही कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांतून खाली जाते. त्या नळ्यांमध्ये धूळ आणि पानांचा चुरा अडकला की पाणी उलटे फिरून छताच्या कापडात आणि तिथून पायाखालच्या गालिच्यात उतरते. जुलैत महाबळेश्वरला दोन दिवस झाडाखाली गाडी उभी होती, एवढे पुरे झाले. नळ्या साफ करण्याचे काम अर्ध्या तासाचे आहे. पावसाळ्यापूर्वी त्या साफ करून घ्याव्यात, ही एक ओळ गाडी देताना कोणी सांगितली असती तर गालिचा वाचला असता. ती ओळ सांगण्यासाठीच मी तो परिच्छेद लिहिला. आपल्याला त्यात रडगाणे दिसले, कारण आपण तो शेवटपर्यंत वाचलेला नाही, असे मला स्पष्ट म्हणावे लागते.

खड्ड्यांविषयी बोलू नये, हे तर मला मुळीच मान्य नाही. या गाडीची एक्स-शोरूम किंमत 42 लाख होती. त्या काळी या वर्गावर 28 टक्के जीएसटी आणि त्यावर इंजिन व मापानुसार 17 ते 22 टक्के उपकर होता, म्हणजे त्या 42 लाखांत 13 ते 14 लाख कराचेच होते. त्यावर 20 लाखांपेक्षा महागड्या पेट्रोल गाडीला राज्याचा 13 टक्के वाहनकर, म्हणजे आणखी 5 लाख 46 हजार. 22 सप्टेंबर 2025 पासून उपकर जाऊन 40 टक्के जीएसटी आला आहे, पण माझे पैसे जुन्या दराने गेले. मेढ्याच्या रस्त्याचा तो खड्डा पुढच्या पावसाळ्यातही तिथेच होता. त्याच खड्ड्यातून दुचाकीवाले जातात, एसटी जाते, उसाचे ट्रॅक्टर जातात. माझा टायर फुटला म्हणून मी लिहिले, पण तो खड्डा केवळ माझा नाही. कर भरणाऱ्याने रस्त्याबद्दल बोलू नये असे आपण म्हणत असाल, तर आपण कोणाची बाजू घेत आहात याचा एकदा विचार करावा.

‘चार मालक’ या मुद्द्याविषयी एवढेच सांगतो, की सगळ्या वर्गाबद्दल निकाल देण्याचा दावा मी केला नव्हता. कऱ्हाडच्या डॉक्टर मित्राची डिझेल गाडी रोज तीन किलोमीटर जाऊन थांबते आणि धुराच्या फिल्टरचा दिवा दर महिन्याला लागतो. त्या फिल्टरमधली काजळी जळायला गाडी सलग वेगात चालावी लागते. हा त्याचा अनुभव आहे आणि मी तो अनुभव म्हणूनच लिहिला. तो गाडीचा दोष नसून वापराचा आहे असे आपण म्हणता, असेल. पॅकेजचा मुद्दा टायरला आणि त्या 23 दिवसांना लागू होत नाही, म्हणून त्यात शिरत नाही. गाडीचे नाव का दिले नाही, असा टोमणाही आपण मारला आहे. माझा एक अनुभव एखाद्या कंपनीच्या सगळ्या गाड्यांवर चिकटू नये, हे त्याचे कारण लेखाच्या दुसऱ्याच ओळीत आहे.

या गाडीचे मी जे कौतुक केले होते, त्याला मात्र आपल्या प्रतिक्रियेत जागा मिळाली नाही. शिर्डीहून नागपूरपर्यंतचे समृद्धी महामार्गाचे 520 किलोमीटर, ताशी 120 च्या मर्यादेत, एकदाच थांबून मी या गाडीने केले आहेत आणि उतरल्यावर पाठ दुखली नव्हती. घाटात अचानक समोर आलेल्या दुचाकीपुढे ती ज्या सरळ रेषेत थांबली, तशी माझी आधीची एकही गाडी थांबली नसती. ही गाडी मला अतिशय आवडते. आवडत्या वस्तूची तक्रार करू नये असा नियम मला घरी कोणी शिकवला नाही.

आपल्याकडे या वर्गातली गाडी असेल, तर ती किती किलोमीटर चालली, टायर किती बदलले, पार्टसाठी किती दिवस थांबावे लागले हे जरूर लिहा. ते आकडे माझ्या आकड्यांशेजारी मी स्वतः छापीन, माझ्या विरोधात गेले तरीही. नसेल, तर दुसऱ्याच्या ऐपतीची मापे काढणे आपण थांबवावे. आपली प्रतिक्रिया मी काढून टाकलेली नाही आणि टाकणारही नाही. टायरचे माप आज सकाळीच दुरुस्त केले आहे.

कळावे.