उंच रोप म्हणजे जोमदार रोप नव्हे

“कुठलंही बी अंड्याच्या टरफलात अर्धा इंच खोल पेरा, टरफलं खिडकीत ठेवा, रोज पाणी घाला, वर दालचिनीची पूड भुरभुरा. आठ दिवसांत बोटभर उंच, जोमदार रोपं! चार पानं आली की थेट बागेत लावा.” हा मेसेज देखण्या फोटोसकट फिरतोय. तो तंतोतंत पाळला तर हाती काय येतं ते मला नेमकं ठाऊक आहे, कारण मी पाळला होता.

टरफलाचं आधी उरकून टाकू. त्यात माती मावते दोन-तीन मोठे चमचे. तळाला भोक नसेल तर पाणी साचतं, आणि मुळं लवकरच भिंतीला टेकतात. “रोपाला कॅल्शियम मिळतं” म्हणे! टरफल इतकं सावकाश विरतं की रोप ट्रेत असेपर्यंत त्याचा काडीचा उपयोग नाही.

“कुठलंही बी”? गाजर-मुळा जागेवरच पेरायचे; उपटून लावले की सोटमूळ दुखावतं आणि गाजराला फाटे फुटतात. पेटुनियाचं बी धुळीसारखं असतं आणि त्याला रुजायला उजेड लागतो, म्हणून ते मातीवर नुसतं टेकवायचं. अर्धा इंच खाली गेलं की संपलं. उबेचा तर मेसेजात उल्लेखच नाही. मिरचीला 25 ते 30 अंश मिळाले तर ती बऱ्यापैकी लवकर उगवते, गारठ्यात मात्र तीन-तीन आठवडे वाट बघायला लावते. लोक तोवर बी खराब म्हणून ट्रे रिकामा करतात.

आता खिडकी. “आठ दिवसांत बोटभर उंच” ही तर रोपाची तक्रार आहे, आणि आपण तिचं कौतुक करतोय. उजेड कमी पडला की रोप त्याच्या शोधात खोड ताणतं. बियातली सगळी शिदोरी त्यातच खर्ची पडते आणि उरतो काचेकडे मान वाकवलेला पांढुरका दोरा. आपल्याला खोली लख्ख वाटते, कारण डोळे कमी उजेडाशी जुळवून घेतात. रोपाला ती सोय नाही. काचेपासून हातभर आत सरकलं तरी उजेड झपाट्याने घटतो. दिवसभर ऊन येणारी खिडकी असेल तर ट्रे अगदी काचेला लावून ठेवा आणि रोज फिरवा. नाहीतर साधी पांढरी एलईडी ट्यूब शेंड्यांपासून चार-सहा इंचांवर, रोज 14 ते 16 तास. बुटकं रोप, जाड खोड, गडद पानं, हा खरा जोम. टोमॅटो ताणला गेलाच तर पुढच्या कुंडीत बीजदलांपर्यंत, म्हणजे बीतून सर्वांत आधी उघडलेल्या दोन पानांपर्यंत, खोल लावा, पुरलेल्या खोडाला मुळं फुटतात. बाकीच्या रोपांवर हा प्रयोग सरसकट करू नका.

रोजच्या पाण्याने माझा अख्खा ट्रे गेला. संध्याकाळी रोपं ताठ होती, सकाळी आडवी. वाकून पाहिलं तर पानं हिरवीगार, पण खोड मातीला टेकतं तिथेच चिमटा काढल्यासारखं बारीक, तपकिरी, ओलसर. या रोगाला ‘रोपं कोलमडणं’ म्हणतात. पिथियम, रायझोक्टोनिया अशा मातीतल्या रोगकारकांना सततची ओल आणि कोंदट हवा फार मानवते. एकदा आडवं पडलेलं रोप उठत नाही. पाणी वेळ बघून नाही, वजन बघून द्यायचं. ट्रे उचलायचा, हलका लागला तर खालच्या ताटलीत पाणी ओतायचं, अर्ध्या तासाने उरलेलं काढून टाकायचं. वर प्लास्टिक झाकलं असेल तर कोंब दिसताच तेही काढायचं. दालचिनीच्या अर्कापुढे काही बुरशी दबतात हे खरं, पण वर भुरभुरलेली पूड खालचा चिखल कसा सुकवणार?

राहता राहिलं “थेट बागेत”. घरातल्या पानांनी कडक ऊन पाहिलेलं नसतं, वारा सोसलेला नसतो. पहिल्या दिवशी सावलीत तासभर, मग रोज थोडं जास्त, असे सात ते दहा दिवस जाऊ द्या. मी हे टाळलं तेव्हा पानांवर दुसऱ्याच दिवशी पांढरे, कागदासारखे चट्टे पडले होते.