टी-९० आणि अर्जुन: वजनावरून चिलखताचा निष्कर्ष काढता येत नाही

‘सुमारे ४६ टनांच्या रशियन बनावटीच्या टी-९० रणगाड्याचे चिलखत ६८ टनांच्या भारतीय अर्जुन मार्क-१ए रणगाड्यापेक्षा पातळच असणार’ असा दावा सध्या फिरत आहे. तो चुकीच्या गृहीतकावर उभा आहे.

टी-९० मध्ये तोफगोळे भरण्याचे काम यंत्र करते, त्यामुळे चौथ्या सैनिकाची गरज उरत नाही, बुरूज (तोफ बसवलेला वरचा फिरता भाग) लहान व ठेंगणा होतो आणि चिलखताने झाकायची जागाच कमी झाल्याने कमी वजनातही दर्शनी भाग जाड ठेवता येतो. याची किंमत मात्र गंभीर आहे: या यंत्रातला दारूगोळा जवानांच्या अगदी पायाखाली असतो आणि चिलखत भेदले गेल्यास त्याच्या स्फोटाने बुरूज उडू शकतो, हे युक्रेनमधील युद्धात वारंवार दिसले. अमेरिकेच्या एब्राम्स रणगाड्यात बहुतेक गोळे बुरुजाच्या मागील बंद कप्प्यात असतात व स्फोट वरच्या झडपांतून बाहेर जातो. ही सुरक्षितता वजन वाढवते.

‘जड रणगाडा वाळूत रुततोच’ हेही सरसकट खरे नाही, कारण तिथे वजन पसरवणाऱ्या, चाकांभोवतीच्या पट्ट्यांची रुंदी आणि जमिनीला टेकलेली लांबी निर्णायक असते. पूल आणि रेल्वे वाहतुकीसाठी मात्र एकूण वजन खरोखरच अडचणीचे ठरते.