२५२०: एकमेव नव्हे, सर्वांत लहान

२२ डिसेंबर, म्हणजे रामानुजन यांची जयंती, जवळ आली की दादरपासून बोरिवलीपर्यंतच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक संदेश हमखास फिरतो. १ ते १० या सर्व संख्यांनी नि:शेष भाग जाणारी २५२० ही जगातील एकमेव संख्या आहे, ती रामानुजन यांनी शोधली, आणि आठवड्याचे ७ दिवस, महिन्याचे ३० दिवस व वर्षाचे १२ महिने यांचा गुणाकार हे तिचे गूढ आहे, असा त्याचा आशय असतो.

पहिला दावा ५०४० ही संख्या लिहिताच कोसळतो, कारण २५२०च्या प्रत्येक पटीला या दहाही संख्यांनी भाग जातो. २५२० ही त्यांतली सर्वांत लहान आहे, इतकेच खरे. त्याचे कारणही शाळेतल्या लसाविइतके सरळ आहे: ८, ९, ५ आणि ७ यांपैकी कोणत्याही दोघांत सामाईक अवयव नाही, म्हणून चौघांचा गुणाकार टाळता येत नाही, उरलेल्या १, २, ३, ४, ६ आणि १० या संख्या त्याच गुणाकारात आपोआप सामावतात. हीच रीत २०पर्यंत नेली, तर ८च्या जागी १६ येतो, ११, १३, १७ व १९ नव्याने जोडावे लागतात, १८ आणि २० मात्र काहीच जादा मागत नाहीत, आणि उत्तर येते २३,२७,९२,५६०. तिच्याविषयी कोणी संदेश पाठवत नाही, हे नवलच.

दिनदर्शिकेचे गूढ त्याहून लवकर उलगडते. ३० गुणिले १२ म्हणजे ३६०, म्हणजेच ८ × ९ × ५. त्याला ७ने गुणल्यावर २५२०शिवाय दुसरे काही येणारच नाही. शिवाय वर्ष ३६० दिवसांचे नसते, आपले चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचे असल्यामुळेच अधिक मास घालावा लागतो. आणि दिवसांना दिवसांनी गुणून नेमके काय मोजले, हे संदेशकर्ता सांगत नाही.

शोधाच्या श्रेयाबद्दल बोलायचे, तर लसावि काढण्याची रीत नवव्या शतकातील गणिती महावीराचार्यांच्या ग्रंथातही आहे. रामानुजन यांचे खरे काम वेगळे आणि कितीतरी खोल आहे. आपल्यापेक्षा लहान असलेल्या प्रत्येक संख्येहून जिचे विभाजक जास्त, अशा संख्यांवर त्यांनी १९१५ साली लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रदीर्घ निबंध प्रसिद्ध केला. २५२० तशीच एक संख्या आहे: तिचे विभाजक ४८, तिच्या आधीच्या १६८०चे ४०, नंतरच्या ५०४०चे ६०. त्या निबंधातील यादी ६७,४६,३२,८३,८८,८००पर्यंत जाते, जिचे विभाजक १०,०८० आहेत. हे सगळे संगणकाविना केलेले. त्या यादीतून एक संख्या सुटली, २,९३,३१,८६,२५,६००. तिचे विभाजक ५०४०, आणि तिला २३ने गुणले की यादीतील शेवटची संख्या मिळते.