लॅपटॉप झोपतो, उठत नाही

आठवड्यातून एकदा, फक्त एकदाच, लॅपटॉपचं झाकण उघडलं की स्क्रीन काळी, पंखा चालू, कीबोर्ड मेलेला. आणि लिनक्सवाल्यांकडे (लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच, पण फुकटातली ऑपरेटिंग सिस्टीम) मदत मागितली की पहिला प्रश्न काय? "रिप्रोड्यूस कसं करायचं?" म्हणजे हा घोळ मुद्दाम पुन्हा कसा घडवायचा? अरे बाबा, ते माहीत असतं तर तुझ्या दारात आलो असतो का! झाकण ४० वेळा उघडबंद केलं, ४० वेळा गुणी बाळासारखा उठला, आणि सोमवारी मीटिंगच्या तोंडावर बरोब्बर आडवा.

मग म्हणे लॉग दे. जर्नलसीटीएल (सिस्टीमच्या नोंदी, म्हणजे लॉग, दाखवणारी कमांड) चालवलं, शेवटची ओळ "सस्पेंड एन्ट्री", म्हणजे झोपायला निघालो, पुढे ठणठणाट, मेलेला माणूस डायरी लिहितो का? एकजण सांगतो डीप सोड एस२आयडल लाव (म्हणजे गाढ झोपेऐवजी हलकी झोप), दुसरा सांगतो बायोस (मशीन सुरू करणारं मुळातलं सॉफ्टवेअर) अपडेट कर, तिसरा (हा असतोच) सांगतो माझ्याकडे तर मस्त चालतंय. चालू दे की, पेढे वाटू?

आणि कळस म्हणजे "गिट बायसेक्ट कर", म्हणजे कोणत्या बदलाने बिघडलं ते निम्मे-निम्मे करून शोध. दोन कर्नल (लिनक्सचा गाभा) व्हर्जनच्या मधे दहा-पंधरा हजार कमिट, म्हणजे कोडमधले बदल, निम्मे-निम्मे करत साधारण १४ फेऱ्या, प्रत्येक फेरीला कर्नल कंपाइल करा आणि निदान दोन आठवडे वाट बघा, कारण साहेब आठवड्यातून एकदाच दर्शन देतात. म्हणजे सहा महिने गेले! तोवर दर ९-१० आठवड्यांनी एक अशी नवीन कर्नल येतच राहणार, आणि हेच लोक, फुकटात मदत करतात म्हणून ज्यांच्यावर धड चिडताही येत नाही, ते विचारणार, "लेटेस्टवर चेक केलंस का?"