अस्सल मसल कार घ्यावी कशी आणि न चालवावी कशी

अमेरिकेत राहून चार पैसे गाठीशी बांधले, मुले कॉलेजात गेली, गॅरेजमध्ये एका गाडीची जागा रिकामी झाली आणि आता १९७० च्या आसपासची एखादी मसल कार, म्हणजे साध्या गाडीत दांडगे इंजिन घातलेली अमेरिकन मोटार, दारात उभी असावी असे आपल्या मनात आले असेल, तर सर्वप्रथम एक गैरसमज दूर करून घ्यावा. आपण मोटार विकत घेणार नाही आहात. आपण कागद विकत घेणार आहात आणि त्या कागदासोबत सुमारे दीड टन लोखंड मिळणार आहे. ज्याने गावाकडे एकदा तरी जमिनीचा व्यवहार केला आहे, त्याला हे फोड करून सांगायला नको. जमीन काळी आहे की मुरमाड, विहिरीला पाणी आहे की नाही, हे सारे नंतर, आधी सातबारा.

हा सातबारा कशाचा, हे समजण्यासाठी थोडा इतिहास लागतो. मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठे इंजिन बसवू नये, असा जनरल मोटर्सचा स्वतःचाच नियम होता. पाँटिअ‍ॅक या त्याच कंपनीच्या शाखेतल्या मंडळींनी १९६४ मध्ये टेम्पेस्ट ल मान्स या गाडीत ३८९ घनइंचांचे इंजिन घातले आणि हे नवे मॉडेल नसून केवळ २९५ डॉलरचा एक ‘पर्याय’ आहे, असे दाखवून नियमाला वळसा घातला. त्या पर्यायाचे नाव जीटीओ. पुढे १९६९ मध्ये जनरल मोटर्सच्याच शेव्हरोले शाखेच्या कमारो या गाडीला ४०० घनइंचांची मर्यादा होती, तेव्हा ती ओलांडण्यासाठी टॅक्सी आणि पोलिसांच्या गाड्यांच्या घाऊक मागणीसाठी ठेवलेली कोपो नावाची कार्यालयीन वाट वापरली गेली. म्हणजे आपण ज्या वस्तूचा अस्सलपणा भिंग लावून तपासणार आहात, ती मुळात एक सफाईदार पळवाट आहे. विचलित होऊ नये. कंपनीच्या छापील अर्जावर केलेली पळवाट ती अस्सल, आणि तीच गोष्ट पुढे एखाद्या मेकॅनिकने स्वतःच्या गॅरेजमध्ये केली तर ती बनावट, हा या व्यवहाराचा पाया आहे.

आता नमुन्यादाखल शेव्हरोलेची १९७० ची शेव्हेल घेऊ. तिच्यातले सर्वांत मानाचे इंजिन म्हणजे एलएस-६: ४५४ घनइंच आणि कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे ४५० हॉर्सपॉवर. त्याच वर्षी त्याच कारखान्यांतून ३०७ घनइंचांचे, २०० हॉर्सपॉवरचे गरीब इंजिन घेऊन गृहिणींना बाजारहाट घडवणारी शेव्हेलचीच मालिबू आवृत्तीही बाहेर पडत होती. दोघींच्या डॅशबोर्डवरच्या व्हिनची, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकाची, सुरुवात एकसारखीच, कारण मोठ्या इंजिनाचा एसएस (सुपर स्पोर्ट) हा त्या वर्षी निव्वळ पर्याय होता आणि क्रमांकात फक्त ‘व्ही-८ मालिबू’ एवढेच लिहिलेले असते. त्यामुळे बाजारहाटवाल्या मालिबूला बोनेटवर पट्टे, मागे बिल्ला आणि आत मोठे इंजिन बसवले, की ती थोरल्या घराण्यातली असल्यासारखी मिरवू लागते. अशा गाडीला विकणारा प्रामाणिक असेल तर ‘क्लोन’ म्हणतो, सुशिक्षित असेल तर ‘ट्रिब्यूट’ म्हणतो, आणि घाईत असेल तर काहीच म्हणत नाही.

क्रायस्लरवाल्यांचे बरे असते. त्यांच्या व्हिनमधले पाचवे अक्षर इंजिन सांगते. तिथे ‘आर’ असला की ४२६ घनइंचांचे ‘हेमी’ हे नामांकित इंजिन. क्रायस्लरच्याच प्लिमथ शाखेच्या १९७१ च्या हेमी कुडा कन्व्हर्टिबल अवघ्या ११ बनल्या आणि त्यांपैकी एक २०१४ साली सिअ‍ॅटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. एका अक्षराला एवढा भाव मराठी साहित्यात अद्याप कोणाला मिळालेला नाही. पाँटिअ‍ॅकच्या जुन्या नोंदी शाबूत आहेत आणि पैसे भरून उतारा मिळतो. १९६७ पासूनच्या फोर्डचाही मिळतो. शेव्हरोलेच्या अमेरिकेत विकलेल्या गाड्यांचे दप्तर मात्र मागे राहिले नाही, आणि म्हणूनच अस्सलपणाची खरी विद्या शेव्हरोलेच्या भक्तांमध्ये फुलली.

या विद्येतला परमोच्च ग्रंथ म्हणजे बिल्ड शीट. गाडी जुळवताना कोणते भाग बसवायचे हे कामगारांना सांगणारा तो साधा कागद काम संपल्यावर मागच्या सीटच्या स्प्रिंगांमध्ये किंवा पेट्रोलच्या टाकीवर पडून राही. पन्नास वर्षांनी तो उंदरांनी कुरतडलेला आणि गंजाचे डाग पडलेला सापडला, की मालक डोळ्यांत पाणी आणून त्याला काचेत बसवतो. क्वचित तो कागद शेजारच्याच गाडीचा निघतो, कारण कामगाराला जेवणाच्या सुट्टीची घाई होती. असे झाल्यास आपण खचून न जाता ती शेजारची गाडी शोधण्यास आयुष्य वाहावे.

कागद नसेल, तर इंजिनापुढे गुडघे टेकावेत. ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव धडाच्या, पुढच्या अंगाला, उजव्या सिलिंडर हेडच्या लगत, दोन बोटे मावतील एवढा एक सपाट चौथरा असतो. त्यावरचे तेल फडक्याने पुसावे आणि तिरप्या कोनातून बॅटरीचा उजेड पाडावा. तिथे इंजिन कोठे व कधी जुळवले याचा शिक्का दिसेल: टोनावांडा इथल्या इंजिन कारखान्याचा ‘टी’, महिना, दिवस आणि शेवटी ‘सीआरव्ही’ अशी अक्षरे, म्हणजे एलएस-६ आणि हाताचे गिअर. जवळच गाडीच्या व्हिनमधले शेवटचे अंक. हे अंक डॅशबोर्डवरच्या पाटीशी जुळले, की ‘नंबर्स मॅचिंग’ हा मंत्र उच्चारावा. पण इतक्यात विश्वास ठेवू नये. आकड्यांकडे न पाहता आकड्यांखालची जमीन पाहावी. कारखान्यातल्या यंत्राने तो चौथरा सपाट करताना केसासारख्या बारीक समांतर रेघा उमटलेल्या असतात. त्या रेघा नसतील, तर कोणीतरी पृष्ठभाग घासून नवे आकडे ठोकले आहेत, म्हणजेच फेरफार झाला आहे. इंजिनाची रीतसर दुरुस्ती करतानाही तो भाग घासला जातो, ही अडचण आहेच. पण ज्याने दुरुस्ती करून गाडी चालवली, त्याच्याविषयी आपल्याला सहानुभूती असण्याचे कारण नाही. आता त्या रेघाही हुबेहूब उमटवून देणारे कारागीर तयार झाले आहेत, असे कानावर येते. कला कोठेही वाया जात नाही.

मग तारखा. ब्लॉकवर ओतकामाची तारीख असते. ‘सी १४ ९’ म्हणजे १४ मार्च १९६९. ओतकाम आधी, जुळणी नंतर, गाडी त्यानंतर, हा क्रम पाळलेला असावा. हाच न्याय कार्ब्युरेटरला, आल्टरनेटरला आणि प्लगच्या वायरींनाही लागू आहे, कारण वायरींवर कोणत्या तिमाहीत त्या बनल्या हे छापलेले असे. त्या काळच्या विशीतल्या मालकांनी गाडी घरी आणताच धुराचे प्रदूषण कमी करणारा पंप काढून कचऱ्यात फेकला, कारण तो ताकद खातो अशी त्यांची श्रद्धा होती. आज त्यांचीच पिढी योग्य तारखेचा तोच पंप मिळावा म्हणून चांगली रक्कम मोजते आणि तो बसवल्यावर गाडी सुरू करत नाही.

गाडी पुन्हा नवी करायला दिलीत, तर कारागिराला फार चांगले काम करू नये असे बजावावे. मूळ कामगाराने बोनेटखाली रंगाचा फवारा भलतीकडे उडवला होता, जोडांवर सीलंट बोटाने फासले होते आणि तपासणी झाल्याची खूण म्हणून खडूने किंवा मेणाच्या पेन्सिलीने एक रेघोटी मारली होती. एका प्रदर्शनात मी एका परीक्षकाला दंतवैद्याचा आरसा घेऊन कमारोखाली आडवे झालेले पाहिले आहे. वर इंजिन आरशासारखे लखलखत होते, त्याकडे त्यांचे लक्ष नव्हते. मागच्या अ‍ॅक्सलवरची खडूची रेघ फार सरळ आली आहे, एवढ्यावरून त्यांची मुद्रा कठोर झाली होती. निष्काळजीपणा मन लावून करावा लागतो.

किमतीबाबत घासाघीस करताना इतिहास काढू नये. १९६९ च्या झेडएल-१ कमारो एकूण ६९; त्यांचे अ‍ॅल्युमिनियमचे इंजिन एकटेच ४,१६० डॉलरचे, म्हणजे साध्या कमारोपेक्षा महाग. इलिनॉयच्या एका छोट्या गावातल्या विक्रेत्याने ५० मागवल्या, त्या खपेनात, आणि बऱ्याचशा त्याने कंपनीला परत पाठवल्या. ज्या गाडीला नवेपणी गिऱ्हाईक नव्हते, तिला आज रांग आहे. दुकानाच्या अंगणात नुसती उभी राहणे हा तिचा पहिला गुण होता, तो आपणही जपावा.

शेवटचा इशारा डेट्रॉइटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूबद्दल. दर ऑगस्टमध्ये तिथे जुन्या गाड्यांची मोठी फेरी निघते आणि रस्त्याकडेला घडीच्या खुर्च्या टाकून मालक बसलेले असतात. तिथे मला एक म्हातारबाबा भेटले. त्यांनी शेव्हेल नवी घेतली होती आणि पहिल्याच वर्षी शर्यत लावून इंजिन फोडले होते. कंपनीने वॉरंटीत नवा ब्लॉक दिला, त्यावर ‘सीई’ असा बदली मालाचा शिक्का. म्हणजे गाडी ज्या कामासाठी बनली ते काम तिने केले, बनवणाऱ्यानेच ती दुरुस्त केली, मालक आजवर एकच; आणि तरीही नंबर जुळत नाहीत, म्हणून किंमत पडलेली. अशा माणसाने शेजारचे दार उघडून ‘चला, एक चक्कर मारून येऊ’ म्हटले, तर आपण टायरच्या झिजेची सबब सांगून नम्र नकार द्यावा. मला ती वेळेवर सुचली नाही. बाजूच्या मोकळ्या रस्त्यावर त्यांनी दुसरा गिअर टाकला, माझे डोके मागे आपटले, आणि परत आल्यावर हात इतके थरथरत होते, की तारीख पाहण्यासाठी खिशात आणलेली बॅटरी बाहेर काढायची राहूनच गेली.