पावर पंपाचा झोत सरळ जात नाही

पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, पाठीवरच्या पेट्रोलच्या पावर पंपाने फवारणी सुरू झाली की गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो: "भाऊ, पेट्रोल पंपाची रेस फुल्ल ठेवा. जोराच्या हवेनं औषध सरळ झाडावरच जाते, बाजूला पसरत नाही. तोंड बांधायची गरज नाही." यातलं एकही वाक्य खरं नाही.

पहिलं, झोत सरळ जातो हे. नळीतून सुटलेल्या हवेच्या कडेला भोवरे उठतात आणि बाजूची शांत हवा आत ओढतात. त्यामुळे झोत दर मीटरला दोन्ही अंगांनी साधारण २० सेंटीमीटर फुगतो. नळीचं तोंड ६ सेंटीमीटर असेल, तर दोन मीटरवर त्यात जवळपास दहापट हवा वाहत असते. म्हणजे तिथली बहुतेक हवा पंपाची नव्हे, वावरातली. धुतलेल्या रिकाम्या पंपाची नुसती हवा सोडा आणि झोताच्या थोडं बाहेर कापसाचा लांब तंतू धरा. तो झोताकडे वळतो.

रेस वाढवून पसरणं कमी होत नाही. वेग दुप्पट केला तर ओढलेली हवाही दुप्पट, प्रमाण तेच. उलट या पंपात थेंब हवेच्या जोरानेच फुटतात, म्हणून रेस वाढली की ते आणखी बारीक होतात. माझ्या मते मेसेजमधला सर्वांत घातक सल्ला हाच.

"हवा आतच ओढली जाते, मग औषध बाहेर येईल कसं?" असंही कोणी विचारतं. झोत मोकळा वाहतोय तोवर ते बऱ्यापैकी खरं आहे. तरी त्याची कड एका जागी राहत नाही. कोर्सिन आणि किस्लर या संशोधकांनी १९५५ मध्ये दाखवलं की ती कड स्पष्ट असते, पण वेडीवाकडी आणि सतत हलती. एकाच जागी क्षणात खवळलेली हवा, क्षणात शांत. शिवाय छातीएवढ्या पऱ्हाटीवर आदळला की झोत फुटतो, मंदावतो आणि बारीक थेंब मागे लटकत राहतात. ५० मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढ्या थेंबाला दीड मीटर खाली यायला सुमारे २० सेकंद लागतात. तेवढ्यात हलका वाराही त्याला मारणाऱ्याच्या तोंडावर किंवा धुऱ्यापलीकडे नेतो.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या वर्षी पऱ्हाटी नेहमीपेक्षा उंच होती, फवारा थेट तोंडाच्या उंचीवर उडत होता. तरीही तोंड उघडं ठेवा म्हणणारा मेसेज पुढे ढकलला जातो, याची चीड येते.

नुसता दुपट्टाही पुरत नाही. औषधाने भिजला की तेच फडकं नाकाशी विष धरून ठेवतं. औषधाची वाफ अडवणारा मास्क, चष्मा, हातमोजे घाला, आणि फवारून झालेल्या ओळींकडे वारा जाईल अशा बाजूने चाला.